गावच्या वेबसाइटसाठी मराठी फॉन्ट: नमुना पान कसं बांधायचं, फॉन्ट कसा पारखायचा

ग्रामपंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी, जिनिंग, पतसंस्था, शाळा. विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी वेबसाइट करून देणाऱ्यांकडे अशीच कामं जास्त येतात. त्यात फॉन्टचा निर्णय बहुधा शेवटी आणि घाईत होतो. यादीतला जो नजरेत भरला तो उचलला, मुख्यपृष्ठावर मोठ्या अक्षरात नाव टाकलं, छान दिसलं, काम झालं. दोन महिन्यांनी कोणी बाजारभावाचा तक्ता टाकतं किंवा लाभार्थ्यांची यादी चढवतं, आणि मग कुठे वेलांटी कापली जाते, कुठे ‘दारव्हा’ तुटतो, तर कुठे आकड्यांचे रकाने वाकडे होतात.

‘अ आ इ ई’ जवळपास प्रत्येक फॉन्टमध्ये बरे दिसतात. फॉन्ट पारखायचा तर आपल्याच मजकुरावर आणि वाचणाऱ्याच्याच फोनवर. त्यासाठी एक नमुना पान बांधावं लागतं. सवय नसेल तर पहिल्यांदा अर्धा दिवस जाईल, पुढच्या कामांना तेच पान उपयोगी पडतं.

आधी मजकूर, मग फॉन्ट

ज्यांची साइट आहे त्यांच्याकडून खरा मजकूर घ्या. एखादी सूचना, एक तक्ता, गावांची यादी, पदाधिकाऱ्यांची पदं, पत्ता, एखादा लांब परिच्छेद. साइटवर कोणता मजकूर जास्त आहे ते बघा. बाजार समितीच्या साइटवर आकडे जास्त असतात, वाचनालयाच्या साइटवर परिच्छेद. दोन्हींना एकच फॉन्ट सारखाच शोभेल असं नाही.

हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आहे का, ते तपासा. आपल्याकडे कार्यालयांत आणि डीटीपीच्या दुकानांत कृतिदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख यांत टाइप केलेल्या फायली अजून भरपूर सापडतात. ओळखायची सोपी रीत अशी: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला झाला तर जुना फॉन्ट. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असतो, फक्त त्या अक्षरांना देवनागरीचा चेहरा चढवलेला असतो. असा मजकूर वेबवर टाकला तर शोधात येत नाही आणि फॉन्ट नसलेल्या फोनवर वाचताही येत नाही.

कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणता येतो, पण त्यानंतर डोळ्यांनी वाचणं टळत नाही. चुका ठरलेल्या जागी होतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, म्हणून ‘आर्थिक’, ‘निर्मिती’, ‘वार्षिक’ असे शब्द आधी तपासा. मजकूर दुरुस्त न करता फॉन्ट पारखायला बसलात तर मजकुराच्या चुका फॉन्टच्या माथी माराल.

तीनच फॉन्ट घ्या

दहा फॉन्ट समोर ठेवले की निर्णय होत नाही. मुख्य सलग मजकुरासाठी तीन उमेदवार पुरेत. शीर्षकासाठी वेगळा हवाच असेल तर तो नंतर बघू, आणि निम्म्या साइटना तो लागतही नाही.

नवख्याने सुरुवात कुठून करावी? मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट सात जाडींत मिळतो आणि तक्ता, सूचना, परिच्छेद सगळीकडे निभावून नेतो. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘हिंद’ मुळात पडद्यावरच्या बटणं-मेनूंसाठी केलेला, त्यामुळे कमी जागेत नीट बसतो. नोटो सॅन्स देवनागरी अँड्रॉइड फोनवाल्यांच्या सवयीचा. त्यात कोणाला नवं काही दिसणार नाही, पण तक्रारही येणार नाही. लांब लेख, इतिहास, संस्थेची माहिती असा मजकूर असेल तर टिरो देवनागरी मराठी जरूर लावून बघा. त्याची घडण छापील पुस्तकाच्या अंगाने जाते, मात्र त्यात ठळक जाडी नाही. साधा आणि तिरपा एवढेच प्रकार आहेत. पॉपिन्स शीर्षकाला देखणा, पण दोन-तीन परिच्छेदांनंतर डोळे थकवतो, निदान मराठीत तरी. मोदक हा नावासारखाच गुबगुबीत. जत्रेच्या किंवा शाळेच्या संमेलनाच्या बॅनरवर शोभेल, सातबाऱ्याच्या माहितीला नको.

हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. व्यावसायिक साइटवर वापरा, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, पैसे लागत नाहीत. मनाई आहे ती फॉन्टची फाइल सुटी विकायला. डीटीपीच्या दुकानातल्या संगणकात असलेला विकतचा फॉन्ट मात्र तसाच उचलून साइटवर लावू नका. संगणकावर वापरायचा परवाना वेगळा आणि वेबचा वेगळा असतो, आणि बिल येईल ते तुमच्या ग्राहकाच्या नावाने.

नमुना पान बांधणं

एक साधं पान करा. त्यात मजकुराचे पाच तुकडे ठेवा आणि तेच पाच तुकडे प्रत्येक फॉन्टमध्ये पुन्हा लावा. तिन्ही फॉन्टांची नावं पानावर लिहू नका. अ, ब, क एवढंच लिहा. नाव दिसलं की लोक नावाला मत देतात.

पहिला तुकडा म्हणजे शीर्षक आणि त्याखाली दोन ओळींची सूचना. दुसरा, दीडशे ते दोनशे शब्दांचा सलग परिच्छेद. तिसरा, तक्ता: शेतमाल, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, आणि किमान आठ ओळी. चौथा, बटणं, मेनू आणि एखादा अर्ज, म्हणजे ‘अर्ज करा’, ‘संपर्क’, ‘पुढे’, ‘मोबाइल क्रमांक’. पाचवा तुकडा जोडाक्षरांचा, आणि फॉन्ट बहुतेक तिथेच नापास होतात.

तिन्ही फॉन्ट सारख्याच पिक्सेलवर ठेवून तुलना करू नका. एका फॉन्टचे सोळा पिक्सेल दुसऱ्याच्या अठराएवढे दिसू शकतात, कारण अक्षर चौकटीत किती मोठं बसवायचं हे प्रत्येक रचनाकार आपापलं ठरवतो. ‘कमल’ हा शब्द तिन्हींत लिहा, शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची सारखी होईतो आकार कमीजास्त करा, आणि मग तुलना सुरू करा. एवढं एक पाऊल गाळलं तर मोठा दिसणारा फॉन्ट दर वेळी जिंकतो.

जोडाक्षरांचा तुकडा

इथे वेगळी शब्दयादी शोधायची गरज नाही. विदर्भाच्या नकाशातच ती तयार आहे. हे शब्द तिन्ही फॉन्टांत लावा:

वऱ्हाड, दऱ्या, दर्यापूर, शेतकऱ्यांनी, दारव्हा, तेल्हारा, ब्रह्मपुरी, नांदगाव खंडेश्वर, समुद्रपूर, आष्टी, एटापल्ली, वरुड, मूर्तिजापूर, मोर्शी, आर्णी, बार्शीटाकळी, कळमेश्वर, घाटंजी, सिरोंचा, झरी जामणी.

त्यात कामकाजाचे शब्द मिळवा: महाराष्ट्र, क्विंटल, कृषी, हृदय, विद्युत, उद्योग, द्वितीय, बुद्ध, वाङ्मय, चिन्ह, ज्ञान, क्षेत्र, श्री, बँक, ऑनलाइन, ॲप, रुपये, वर्षांत, ₹.

आता काय बघायचं? सगळ्यात आधी ‘दऱ्या’ आणि ‘दर्यापूर’ शेजारी ठेवा. पहिल्यात र ची आडवी पापणी हवी, दुसऱ्यात डोक्यावर रफार. दोन्हींत रफार दिसला तर फॉन्ट लगेच बाद करू नका, आधी टंकन तपासा. ही पापणी दोन पद्धतींनी टाइप होते. एक, नुक्तावाला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि हलन्तानंतर एक न दिसणारा जोडक. काही साइट-प्रणाली मजकूर साठवताना हा न दिसणारा जोडक पुसून टाकतात, आणि नमुना पान नीट असतानासुद्धा ‘शेतकऱ्यांनी’च्या डोक्यावर रफार चढतो. शिवाय एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असं नाही. साइटभर नुक्तावाला ऱ हीच पद्धत ठरवून टाका.

‘ॲप’चंही असंच. अ वर चंद्र असा दोन तुकड्यांत टाइप केला असेल तर अनेक ब्राउझर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. हा दोष फॉन्टचा नाही. ॲ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे, तेच टाइप करायचं. मात्र स्वतंत्र ॲ टाकूनही चौकोन किंवा परक्या वळणाचं अक्षर आलं, तर त्या फॉन्टमध्ये ते नाही असं समजा आणि फॉन्ट बाजूला ठेवा. ₹ बाबतही तोच नियम. हे चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली आलं, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टांत ते नसतं.

मग ल आणि श. मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, हिंदीत दोन्हींचं वळण वेगळं. राज्य शासनाने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये काढलेल्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरायला सांगितलं आहे, म्हणून शासकीय किंवा अनुदानित संस्थेच्या कामात हा मुद्दा कोणीतरी काढणारच. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप आपोआप येत नाही. पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला सांगावं लागतं: एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये ‘लँग’ला ‘एमआर’ अशी किंमत द्या. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जमधली साइटची भाषा मराठी केली की हे काम होतं. किंमत बदलून पान ताजं करा आणि ‘शेतकरी’, ‘लाभार्थी’ यांच्याकडे बघा. अक्षर बदललं तर फॉन्टमध्ये मराठी रूप आहे.

जोडाक्षरांत ‘ब्रह्मपुरी’चा ह्म, ‘विद्युत’चा द्य, ‘बुद्ध’चा द्ध आणि ‘महाराष्ट्र’चा ष्ट्र यांवर थांबा. पाय मोडलेलं अक्षर दिसलं, तर त्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर घडवलेलंच नाही. ‘वाङ्मय’मध्ये पाय मोडणं चालतं, ‘महाराष्ट्र’मध्ये चालत नाही. ‘वर्षांत’मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात का, ‘आर्णी’त रफार वेलांटीच्या पोटात शिरतो का, हेही बघा. बारीक आकारात हे दोष एक काळा ठिपका होऊन दिसतात, म्हणून तुकडा एकदा चाळीस पिक्सेलवर आणि एकदा चौदावर वाचा.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळकडच्या कामात गोंडीचा मजकूर आला तर आधी लिपी विचारा. देवनागरीत असेल तर प्रश्न नाही. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या लिप्यांना युनिकोडमध्ये वेगळी जागा आहे, देवनागरी फॉन्ट तिथे चौकोनच दाखवेल. त्यासाठी नोटोचे वेगळे फॉन्ट लावावे लागतात.

ओळी, जाडी, आकडे

देवनागरीला वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार अशा दोन्हीकडे जागा लागते. इंग्रजीसाठी केलेल्या तयार साच्यातली (टेम्प्लेट) ओळींची उंची बहुधा १.२ ते १.५ असते, मराठीला परिच्छेदात १.६ ते १.७५ आणि शीर्षकात १.३५ ते १.४ ठेवून बघा. खात्रीसाठी दोन ओळी एकाखाली एक लावा: वर ‘समुद्रपूर तालुक्यातील दुष्काळ’, खाली ‘आर्वी, आर्णी, मोर्शी, बार्शीटाकळी’. वरचे उकार आणि खालच्या वेलांट्या भिडल्या की उंची वाढवा.

बटणांची गंमत वेगळी. साच्यात बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधलेली असते आणि बाहेरचा भाग लपवलेला. ‘वरुड’चा उकार अशा बटणात हमखास छाटला जातो. उंची बांधू नका, वर-खाली मोकळी जागा द्या.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ‘लेटर-स्पेसिंग’, मराठीसाठी शून्य. इंग्रजी शीर्षकांना ते शोभतं म्हणून साचेवाले देऊन ठेवतात, पण देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

जाडी दोनच घ्या: साधी ४०० आणि ठळक ६०० किंवा ७००. तीनशेची बारीक जाडी डिझाइनवाल्यांना आवडते, स्वस्त फोनवर ती पुसट होते. ठळक जाडीची फाइल जोडलीच नसेल तर ब्राउझर साध्याच अक्षराला फुगवून खोटा ठळक बनवतो आणि ‘ष्ट्र’, ‘क्ष’ यांची पोटं भरून जातात. सीएसएसमधलं (पानाची सजावट ठरवणारी फाइल) ‘फॉन्ट-सिंथेसिस’ बंद करून बघा. ठळक मजकूर साधा दिसू लागला तर फाइल जोडायची राहिली आहे.

तक्त्यासाठी आकडे उभ्या रकान्यात लावा: १११९, ४५६८, ९०९६, ३०३३. एकाखाली एक आकडा सरळ येत नसेल तर ‘टॅब्युलर’, म्हणजे सारख्या रुंदीच्या आकड्यांची सोय चालू करा. फॉन्टमध्ये ती नसेल तर तक्त्यापुरता दुसरा फॉन्ट लावा. १ आणि ९ बारीक आकारात वेगळे ओळखू येतात का, हे दरांच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं. मराठी आकडे वापरायचे की इंग्रजी, हे ग्राहकाला विचारून एकदाच ठरवा. एका रकान्यात दोन्ही नकोत.

ब्राउझर काय दाखवतोय

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. फॉन्टचं नाव लिहिलं, पण त्यात देवनागरी नव्हती किंवा फाइल पोचली नाही. ब्राउझरने गुपचूप संगणकातला फॉन्ट लावला: विंडोजवर निर्मला यूआय किंवा जुन्या यंत्रावर मंगल, अँड्रॉइडवर नोटो. तुम्ही पारखताय तो फॉन्ट भलताच. क्रोममध्ये शब्दावर उजवी क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा, ‘कम्प्यूटेड’ टॅबच्या तळाशी प्रत्यक्ष लागलेल्या फॉन्टचं नाव दिसतं. तिथे दोन नावं दिसली तर काही अक्षरं दुसरीकडून येत आहेत.

फाइल वॉफ-टू प्रकारची, म्हणजे वेबसाठी दाबून हलकी केलेली असावी. देवनागरीत शेकडो जोडाक्षरं असल्याने फाइल इंग्रजी फॉन्टपेक्षा बरीच जड असते, आणि ती हलकी करण्याच्या नादात काही जण अक्षरं छाटतात. छाटताना अक्षरं जोडणारे नियमही गेले तर सगळी जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. छाटायला पायएफटीसबसेट हे साधन वापरत असाल तर ‘लेआउट-फीचर्स’ सगळी ठेवा, आणि देवनागरीच्या पट्ट्यासोबत ₹ आणि ते न दिसणारे जोडक घ्यायला विसरू नका.

फोन, ऊन आणि नेटवर्क

कार्यालयातल्या चांगल्या पडद्यावर तिन्ही फॉन्ट पास होतील. खरी चाचणी तीन ठिकाणी करा. सात-आठ हजारांच्या फोनवर, भर दुपारी, वावराच्या धुऱ्यावर किंवा बाजार समितीच्या आवारात. ग्रामपंचायतीतल्या १३६६ बाय ७६८ च्या जुन्या मॉनिटरवर, कारण तिथे शिरोरेषा काही फॉन्टांत धुरकट होते. आणि कमकुवत नेटवर्कवर. शेवटची चाचणी घरबसल्या होते. क्रोमच्या ‘नेटवर्क’ टॅबमध्ये कॅशे बंद करा, वेग थ्रीजीवर आणा आणि पान पुन्हा उघडा. काही सेकंद मजकूरच दिसला नाही तर ‘फॉन्ट-डिस्प्ले’ला ‘स्वॅप’ द्या. मग आधी फोनमधला फॉन्ट दिसतो आणि नंतर तुमचा येतो. त्या क्षणी ओळी उड्या मारत असतील तर पर्यायी फॉन्टला ‘साइज-ॲडजस्ट’ लावून दोघांचे आकार जुळवा.

उन्हात रंगही तपासा. फिकट राखाडी अक्षर पांढऱ्यावर घरात नाजूक वाटतं, मे महिन्यात बाहेर ते नाहीसं होतं. अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ हवा. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी यासाठीचा नियम एवढंच सांगतो, पण आपल्याकडच्या उन्हासाठी ७ ला १ धरलेलं बरं.

दाखवायचं कसं

सरपंच, सचिव किंवा संचालकांना स्क्रीनशॉट पाठवू नका. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, कडा पुसट होतात आणि मत त्या पुसटपणावर मिळतं. दुवा पाठवा आणि त्यांच्याच फोनवर उघडायला सांगा.

‘कोणता आवडला?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी तक्त्यावर बोट ठेवून ‘तुरीचा कमाल दर किती?’ असं विचारा. मग परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि कुठे अडखळतात ते टिपून घ्या. पन्नाशीपुढची दोन-तीन माणसं आणि एखादी आशाताई किंवा बचत गटाची सचिव यांत असावी, कारण साइट त्यांनाच उघडावी लागते. प्रत्येकाला अ, ब, क चा क्रम बदलून दाखवा, नाहीतर पहिल्या फॉन्टवर लोक अडखळतात आणि तिसऱ्यापर्यंत मजकूर पाठ होतो.

जोडाक्षरं, ल-श, आकडे आणि ऊन यांपैकी एकातही फॉन्ट नापास झाला की तो गेला. आवड-निवड उरलेल्यांत करायची. तिघेही पास झाले तर सर्वांत हलक्या फाइलचा घ्या.

ठरल्यावर फॉन्टचं नाव, आवृत्ती, जाड्या, आकार आणि ओळींची उंची एका कागदावर लिहून ग्राहकाला द्या. नमुना पान पुसू नका, साइटवरच एका न दिसणाऱ्या पत्त्यावर ठेवा. पुढे कोणी वर्डमधून मजकूर चिकटवतो, सोबत वर्डचा फॉन्टही येतो आणि ‘साइट बिघडली’ म्हणून फोन येतो. तेव्हा आधी नमुना पान उघडा. ते नीट असेल तर चिकटवलेला मजकूर साध्या रूपात, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून, पुन्हा टाकायला सांगा.